गोंगाटातून गटाने बोलायचे असेल, तर कोणते अ‍ॅप निवडावे?

पडवी

नमस्कार. आमचे फोंडा तालुक्यातील हौशी मंडळ कला अकादमीच्या मराठी नाट्यस्पर्धेची तयारी करत आहे. कलाकार चार तालुक्यांत विखुरलेले असल्यामुळे आणि भर पावसात रात्री सर्वांना दुचाकीवरून बोलावणे प्रशस्त वाटत नसल्यामुळे वाचनाच्या तालमी यंदा फोनवरून घ्यायचे ठरले आहे. चित्राची आम्हाला गरज नाही, फक्त आवाज हवा.

अडचण आहे ती प्रत्येकाच्या भोवतालच्या गोंगाटाची. माझी खोली गच्चीवरच्या पत्र्याखाली आहे. एक जण कुंडईच्या औद्योगिक वसाहतीत रातपाळीला असतो आणि सुट्टीत कँटीनमधून बोलतो; तेथे कॉम्प्रेसर कधी थांबत नाही. वास्कोच्या ताईंच्या खिडकीखालून ट्रक जातात. दिवाडीचे आमचे ज्येष्ठ नट नेमके फेरीबोटीत असतानाच त्यांच्या प्रवेशाची वेळ येते. वाळपईच्या मुलीकडे शांतता भरपूर आहे, पण नेटवर्क जेमतेम.

सध्या आम्ही व्हॉट्सअ‍ॅपचा ग्रुप कॉल वापरतो. पावसाचा जोर वाढला की 'श', 'स', 'फ' असलेल्या शब्दांची निम्मी अक्षरे गळतात आणि दोघे एकदम बोलले की कोणाचेच धड कळत नाही. नाटकात मात्र समोरच्याचे वाक्य पुरे होण्याआधी ते तोडावे लागते, त्यामुळे आवाज उशिरा पोहोचून चालत नाही. खर्च शक्यतो नको आणि दोन सभासद साठीच्या पुढचे आहेत, हेही लक्षात घ्यावे. आपण काय वापरता आणि का, हे सविस्तर लिहावे ही विनंती.

सोलकढी

डिस्कॉर्ड. यात फार विचार करण्यासारखे काही नाही. आम्ही मित्र रोज रात्री खेळताना तेच वापरतो, त्यात २०२० पासून क्रिस्प या कंपनीचे नॉइज सप्रेशन, म्हणजे माइकमध्ये शिरणारा गोंगाट गाळण्याची सोय आहे आणि आमच्यापैकी एकाच्या डोक्यावर पंखा अक्षरशः खडखडत असूनही तो आम्हाला ऐकू येत नाही. शिवाय प्रत्येकाचा आवाज आपण आपल्यापुरता वेगळा वाढवू किंवा कमी करू शकतो, त्यामुळे फेरीबोटीवरचे काका पुटपुटत असतील तर केवळ त्यांचाच आवाज वाढवता येईल.

मांडवीकाठ

सोलकढी, तुमच्या वयात हे सोपे वाटते. साठीच्या माणसाला नवीन खाते काढायला लावायचे, त्याचा पासवर्ड विसरला की तो परत मिळवून द्यायचा आणि त्यानंतर 'सर्व्हर' आणि 'चॅनेल' यांतला फरक समजावून सांगायचा, यात तालमीचा पहिला आठवडा जाईल. व्हॉट्सअ‍ॅपच्या कॉलवर ३२ माणसे घेता येतात आणि सर्वांच्या फोनवर ते आधीपासून आहे. माझ्या मते अ‍ॅप बदलण्याआधी, ज्याची पाळी नाही त्याने म्यूट राहावे एवढी शिस्त लावून पाहा.

अंत्रुजकर

म्यूटच्या शिस्तीला माझेही अनुमोदन. त्याशिवाय सर्वांनी एएनसी, म्हणजे बाहेरचा गोंगाट दाबण्याची सोय असलेले चांगले हेडफोन घेतले तर पत्रे काय आणि ट्रक काय, काहीच ऐकू येणार नाही. हल्ली ते बऱ्यापैकी स्वस्त झाले आहेत.

ध्वनिक्षेपक

मी जत्रा, लग्ने आणि नाट्यप्रयोग यांसाठी ध्वनिव्यवस्था पुरवतो, त्यामुळे या विषयावर थोडे लांबलचक लिहीत आहे.

अंत्रुजकर यांच्या प्रतिसादातील एक गोष्ट आधी वेगळी करावी लागेल. हेडफोनमधील एएनसी हे घालणाऱ्याच्या कानापर्यंत येणारा गोंगाट कमी करते. तुमच्या माइकमधून दुसऱ्याकडे जाणाऱ्या गोंगाटाशी त्याचा काहीही संबंध नाही. पडवी यांनी सर्वांत महागडे हेडफोन घातले, तरी त्यांच्या पत्र्यावरचा पाऊस बाकीच्यांना तसाच ऐकू येईल; ऐकू येणार नाही तो केवळ त्यांना स्वतःला, आणि मग ते अधिक हळू बोलू लागतील. दुकानदार दोन्ही गोष्टी 'नॉइज कॅन्सलेशन' या एकाच नावाने विकतात, तेथून हा घोळ सुरू होतो.

आता मूळ मुद्दा. माइकचे तोंडापासूनचे अंतर निम्मे केले की तुमचा आवाज साधारण ६ डेसिबलने वाढतो, पण सर्व बाजूंनी येणारा गोंगाट आहे तेवढाच राहतो. टेबलावरचा फोन तोंडापासून ४८ सेंटिमीटरवर आहे असे धरा. त्याऐवजी तारेच्या हेडसेटचा माइक ओठांच्या कोपऱ्यापासून ३ सेंटिमीटरवर आणला, तर अंतर चार वेळा निम्मे झाले, म्हणजे २४ डेसिबलचा फायदा झाला. हा हिशेब मोकळ्या जागेचा आहे, खोलीत थोडा कमी धरावा. तरीही कोणतेही अ‍ॅप आवाजाची नासाडी न करता एवढा फरक पाडून देत नाही. माइक ओठांच्या अगदी समोर न ठेवता किंचित बाजूला ठेवावा, म्हणजे 'प' आणि 'भ' उच्चारताना हवेचा फटका बसत नाही.

ब्लूटूथच्या कानगोळ्या शक्यतो टाळाव्यात. त्यांचा माइक कानापाशी असतो, तोंडापाशी नसतो. शिवाय माइक सुरू होताच बऱ्याच संचांमध्ये ब्लूटूथ संगीताच्या पद्धतीतून फोनच्या पद्धतीवर जाते आणि आवाजाचा दर्जा एकदम घसरतो; जुन्या संचात तर नमुने सेकंदाला केवळ ८००० घेतले जातात. 'श' आणि 'स' यांची ओळख ज्या उंच पट्टीत असते, ती तेथेच कापली जाते. पडवी यांच्या तक्रारीतील अर्धी अक्षरे कदाचित पावसाने गिळलेलीच नसतील.

पडवी

ध्वनिक्षेपकबाब, आभार. आमच्यापैकी तिघे खरोखरच ब्लूटूथ वापरतात. परंतु मग नॉइज सप्रेशन नेमके काय करते? ते असल्यावरही माइक जवळ असण्याची एवढी गरज का राहते?

ध्वनिक्षेपक

जुने साधन म्हणजे गेट. ठरावीक पातळीच्या खालचा आवाज आला की ते दार बंद करते, तुम्ही बोललात की उघडते. पण एकदा उघडले की तुमच्याबरोबर पाऊसही आत येतो. जोराचा पाऊस तर ती पातळी स्वतःच ओलांडतो, त्यामुळे तुम्ही गप्प असतानाही दार उघडेच राहते. नवीन साधने शिकवलेल्या न्यूरल नेटवर्कवर चालतात. ज्याँ-मार्क व्हालँ यांनी २०१७ मध्ये खुले केलेले आरएननॉइज हे त्यांतले सर्वपरिचित. असे नेटवर्क आवाजाचे पट्टे पाडून, कोणत्या पट्ट्यात बोलणे आहे आणि कोणत्यात नाही, याचा अंदाज दर क्षणी करते आणि नको तो पट्टा दाबते.

पंखा, एसी, कॉम्प्रेसर हे एकसुरी आवाज ते फार चांगले गाळते, त्यामुळे कुंडईचा प्रश्न मिटेल. पत्र्यावरचा पाऊस मात्र सर्व पट्ट्यांत पसरलेला असतो आणि 'स', 'श' ही व्यंजनेही स्वभावाने तशीच असतात. पाऊस बोलण्याच्या तोडीचा झाला की नेटवर्कला दोहोंतला भेद कळत नाही आणि ते व्यंजनांसकट सगळे दाबते. माइक जवळ असला म्हणजे बोलणे पावसाच्या बरेच वर राहते आणि नेटवर्कचा अंदाज चुकत नाही. आणखी एक सांगतो. फोनचे स्वतःचे सप्रेशन आणि अ‍ॅपचे सप्रेशन, दोन्ही पूर्ण जोरात लावू नका. आधी एकदा गाळलेला आवाज दुसऱ्यांदा गाळला की माणूस विहिरीतून बोलतो आहे असे वाटते.

रातपाळी

कुंडईचा तो कॉम्प्रेसर आमच्याच कँटीनमधला असावा असा मला दाट संशय आहे. तो डिस्कॉर्डवर खरेच ऐकू येत नाही, याला मी साक्षीदार आहे. मात्र शेजारच्या टेबलावर चाललेली मासळीच्या भावाची चर्चा शब्दन् शब्द पलीकडे पोहोचते, कारण तेही बोलणेच असते आणि बिचाऱ्या यंत्राला कोणाचे बोलणे हवे आहे हे कसे कळावे.

कुळागर

वर कोणीही मम्बलचे नाव घेतलेले नाही, याचे नवल वाटते. मम्बल मुक्तस्रोत आहे, जाहिराती नाहीत, खात्याची सक्ती नाही आणि विलंब अत्यंत कमी ठेवणे हा ज्याच्या रचनेचा पहिल्यापासून हेतू आहे असे माझ्या माहितीतले हेच साधन. संवाद तोडण्याची जी गरज पडवी यांनी मांडली आहे, तिच्यासाठी ते सर्वांत योग्य ठरेल. डेस्कटॉपवर आरएननॉइज त्यातच अंतर्भूत आहे, अँड्रॉइडसाठी मम्ला नावाचे अ‍ॅप मिळते.

आवाजाच्या दर्जाविषयी एक गैरसमज असतो, की अमुक अ‍ॅपचा आवाजच मुळात चांगला. डिस्कॉर्ड, मम्बल, टीमस्पीक, जित्सी हे सर्व ओपस हाच कोडेक, म्हणजे आवाज आकसून पाठवण्याची पद्धत वापरतात. त्याचे मानक २०१२ मध्ये आले आणि ६ ते ५१० केबीपीएस (सेकंदाला किलोबिट) एवढ्या पल्ल्यात तो काम करतो. म्हणजे फरक पडतो तो सप्रेशन, विलंब आणि सर्व्हर किती दूर आहे यांमुळे.

मांडवीकाठ

आणि मम्बलचा सर्व्हर कोण चालवणार?

कुळागर

प्रश्न रास्त आहे. भाड्याने घ्यावा लागतो किंवा घरच्या एखाद्या जुन्या संगणकावर बसवावा लागतो. घरी बसवायचा तर एक अडचण येते: बऱ्याच मोबाइल आणि काही घरगुती जोडण्यांना स्वतःचा सार्वजनिक आयपी पत्ता मिळत नाही, त्यामुळे बाहेरच्यांना तुमच्या सर्व्हरपर्यंत थेट पोहोचता येत नाही. माझ्याकडे तो आहे, म्हणून माझे काम भागते. वीज गेली की मात्र सर्व्हरही जातो, आणि पावसाळ्यात वीज किती वेळा जाते हे गोव्यातल्या माणसाला मी सांगायला नको.

मांडवीकाठ

तेव्हा तालीम तुमच्या इन्व्हर्टरच्या बॅटरीवर अवलंबून राहणार. माझे मत कायम आहे.

रोमटामेळ

मी शिगमोत्सवाच्या मिरवणुकीत स्वयंसेवकांचे नियोजन पाहतो. तुमच्या पत्र्यावरचा पाऊस आमच्या ढोल-ताशांपुढे अगदीच सौम्य म्हणावा लागेल. चित्ररथ रांगेत सोडताना पुढच्या चौकातील माणसाशी बोलायचे असते आणि शेजारच्याचेही ऐकू येत नाही. आम्ही झेलो वापरतो. त्यात बटण दाबून एका वेळी एकानेच बोलायचे असते आणि निरोप फोनमध्ये राहतो, त्यामुळे पथक पुढे सरकल्यावर तो पुन्हा ऐकता येतो. ढोलांच्या गजरात ही सोय फार मोलाची आहे.

गर्दीत मोबाइलचे जाळे कोलमडते, तेव्हा मात्र झेलोही निरुपयोगी. त्यासाठी काही जणांकडे वॉकीटॉकी असतात. ४४६.० ते ४४६.२ मेगाहर्ट्झ या पट्ट्यातील कमी शक्तीच्या संचांना २०१८ च्या नियमांनुसार परवाना लागत नाही. पण ऑनलाइन मिळणारे सर्वच स्वस्त संच या पट्ट्यातले किंवा मान्यताप्राप्त नसतात, म्हणून घेण्यापूर्वी खात्री करून घ्यावी.

पडवी

रोमटामेळ, माहिती उपयुक्त आहे, पण एका वेळी एकानेच बोलायचे असेल तर आमच्या दुसऱ्या अंकातील भांडणाचे काय करायचे? नवरा-बायको एकमेकांना वाक्य पुरे करू देत नाहीत, हाच तर त्या प्रवेशाचा प्राण आहे.

सोलकढी

बायकोला बटणच देऊ नका.

वास्कोवाली

सोलकढी, तो प्रवेश मीच करते आणि बटण माझ्याकडेच राहील.

पडवी यांनी उल्लेखलेल्या खिडकीखालच्या ट्रकांची मालकीण मीच. माझा अनुभव असा, की पुश टु टॉक आणि नाटक यांचे जमत नाही. एका हातात संहिता, दुसऱ्या हातात बटण, त्यातच वाक्याचे पहिले अक्षर हमखास कापले जाते, कारण आपण आधी तोंड उघडतो आणि बोट नंतर दाबतो. 'नाही' म्हणायचे असते तिथे पलीकडे नुसते 'ही' पोहोचते आणि अर्थ पार उलटतो. कार्यालयाच्या बैठकीत हे चालून जाते, तालमीत चालत नाही.

घुमटवादक

मला थोडे वेगळे सांगायचे आहे. मी मुलांना भजन आणि घुमट (मातीच्या भांड्यावर कातडे ताणून केलेले वाद्य) शिकवतो. टाळेबंदीच्या काळात ऑनलाइन वर्ग घेतले, तेव्हा जे नॉइज सप्रेशन सर्वांना वरदान वाटत होते त्याने माझा वर्गच बंद पाडला असता. यंत्राच्या दृष्टीने घुमट हा गोंगाट, त्याच्या साथीचा समेळ हाही गोंगाट आणि कासाळे, म्हणजे झांजा, तर विचारूच नका. मी बोलत असे तेव्हा मुलांना स्पष्ट ऐकू येई, वाजवायला लागलो की सगळे शांत. ज्या वाद्याला २०१९ मध्ये राज्याने वारसा वाद्याचा मान दिला, त्याला अ‍ॅपने उभे राहायलाही जागा दिली नाही.

शेवटी झूममधील 'ओरिजिनल साउंड फॉर म्युझिशियन्स' हा पर्याय सापडला. तो सुरू केल्यावर गाळणे थांबते आणि वाद्य जसेच्या तसे जाते. पण अर्थातच दारातला पदेराचा, म्हणजे पाववाल्याचा, हॉर्नही जसाच्या तसा जातो. आपल्या नाटकात पदे असतील, तर पडवी यांनी हे ध्यानात ठेवावे.

रातपाळी

पदेराचा हॉर्न गाळणारे अ‍ॅप घरात लावण्यास माझा विरोध आहे. सकाळची पोई (पाव) चुकली तर जबाबदारी कोणाची?

कुळागर

घुमटवादक यांच्या अनुभवाला जोडून: सर्वांनी एकत्र गायचे-वाजवायचे असेल, तर गाळणी बंद करूनही भागत नाही, कारण २५-३० मिलिसेकंदांपेक्षा जास्त विलंब झाला की ताल सुटू लागतो. त्यासाठी जॅम्युलस नावाचे वेगळे मुक्तस्रोत साधन आहे, पण त्याला वायफायऐवजी तारेची जोडणी आणि संगणक लागतो. पदांची तालीम एकाने गाऊन बाकीच्यांनी म्यूट राहून ऐकणे, एवढ्यावरच भागवावी हे उत्तम.

पडवी

गेले काही दिवस आम्ही वरील सूचनांनुसार प्रयोग केले. त्यांचा वृत्तान्त देतो.

ज्यांच्याकडे ब्लूटूथ होते त्या तिघांना तारेचे साधे हेडसेट दिले. सर्वांत मोठा फरक येथेच पडला. व्हॉट्सअ‍ॅपवरसुद्धा मध्यम पावसात माझे संवाद पूर्ण ऐकू आले, त्यामुळे मांडवीकाठ यांचे म्हणणे निम्म्याहून अधिक खरे ठरले असे मी मानतो. पण मुसळधार सरीत ते पुरले नाही, आणि व्हॉट्सअ‍ॅपवर गाळणीचा जोर आपल्या हातात नसतो. झूममध्ये तो कमी-जास्त करता येतो, परंतु मोफत खात्यावर गटाची बैठक ४० मिनिटांत संपते आणि आमचा पहिला अंकच त्याहून मोठा आहे. डिस्कॉर्डवर मुसळधार पावसातही शब्द कळले. उंच स्वरात ओरडण्याच्या जागी आवाज किंचित चिरकतो, तेवढे आम्ही सोसतो. मम्बलचा प्रतिसाद सर्वांत चपळ होता, कुळागर यांनी आपला सर्व्हर उदारपणे वापरू दिला, आणि भांडणाचा प्रवेश तेथे सर्वांत रंगला हे मान्य करावेच लागेल. तरीही दोघा ज्येष्ठांना त्याची मांडणी जमली नाही, म्हणून तूर्त डिस्कॉर्ड.

खाती मी स्वतः घरी जाऊन काढून दिली आणि प्रत्येकाच्या संहितेच्या मागच्या पानावर पायऱ्या लिहून दिल्या. पुश टु टॉक कोणावरही लादलेले नाही. ज्यांच्याकडे शांतता आहे त्यांचा माइक उघडा असतो. कुंडई आणि मी, आम्ही आमचा प्रवेश नसताना म्यूट राहतो. दिवाडीच्या काकांचे प्रवेश आता शेवटी घेतो, तोवर ते घरी पोहोचलेले असतात. फेरीबोटीच्या इंजिनापुढे सर्व उपाय थकले.

प्रश्न उरला तो वाळपईचा. तिथे आवाज मध्येच तुटतो आणि काही वेळा ती कॉलमधूनच बाहेर फेकली जाते. यावर काही करता येईल काय?

कुळागर

डिस्कॉर्डमध्ये आवाजी चॅनेलचा बिटरेट, म्हणजे आवाजासाठी दर सेकंदाला जाणारा डेटा, ८ ते ९६ केबीपीएसदरम्यान ठेवता येतो, आणि तुम्ही काही बदल केलेला नसेल तर तो ६४ वर असेल. सर्व्हर तुमचा असल्यामुळे चॅनेलच्या सेटिंगमध्ये जाऊन तो ३२ वर आणा. ओपसला बोलण्यासाठी तेवढे पुष्कळ होतात. ६४ वर एका सतत बोलणाऱ्या माणसाचा तासाला सुमारे २९ एमबी डेटा जातो, ३२ वर त्याच्या निम्मा. आणि ऐकणाऱ्याकडे प्रत्येक बोलणाऱ्याचा प्रवाह वेगळा येत असल्याने, तिघांचे माइक विनाकारण उघडे राहिले तर तिच्या बारीक जोडणीवर तिघांचाही भार पडतो. तेव्हा तिच्या प्रवेशात तरी शांत घरातल्यांनीही म्यूट राहावे.

ध्वनिक्षेपक

बिटरेट ३२ च्या खाली मात्र नेऊ नका. तेथून पुढे पुन्हा 'श' आणि 'स' वरच संक्रांत येते.

पडवी

३२ वर आणून काल रात्री पहिला अंक वाचला. वाळपईचा आवाज दोनदा अडखळला, पण ती कॉलमधून एकदाही बाहेर गेली नाही. पदांसाठी गाळणी बंद करून पाहायची आहे. ती प्रत्येकाने आपापल्या फोनवर बंद करायची की चॅनेलवरून एकदम होते?

सोलकढी

प्रत्येकाने आपापल्या फोनवर, कॉलमध्ये असताना. जो गाणार आहे केवळ त्यानेच बंद केली तरी पुरे, आणि पद संपल्यावर त्याला ती पुन्हा सुरू करायची आठवण करून द्या.